अर्केल वाटाण्याचं बियाणं : धुळ्याच्या परसात पिकलेल्या शेंगांचा अनुभव

धुळे-जळगावकडे घरामागे दोन वाफ्यांची जागा असेल आणि त्यात गोड वाटाणा काढायची हौस असेल, तर अर्केल हे वाण घ्या, असं मी आता छातीठोकपणे सांगते. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण भुरी या बुरशीच्या रोगापायी कापला आहे, त्याबद्दल पुढे लिहितेच. बियाणं स्वस्त आहे, कृषी सेवा केंद्रात मिळतं, झाड बुटकं राहतं आणि आमच्या देवपुरातल्या काळ्या चिकण मातीत ते भरघोस आलं.

या 'आलं'चा आनंद किती मोठा, ते खान्देशातल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे वांगी येतात, मिरची येते, मेथी-पोकळ्याला तर फक्त बी फेकायचा अवकाश. शेवगा आणि कढीपत्ता न मागता देतात. पण वाटाण्याचं नाव काढलं की आमचे सासरे, आबा, एकच वाक्य बोलायचे : "आठे वटाना येस नही." त्यांचं आयुष्य कापूस, बाजरी आणि हरभऱ्यात गेलं, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला अनुभवाचं वजन होतं. बाजारातही तेच दिसतं. हिवाळ्यात धुळ्याच्या भाजीबाजारात वाटाण्याचे ढीग लागतात, पण विक्रेत्याला विचारलं तर माल जबलपूरकडचा किंवा पुणे जिल्ह्यातला, सासवड-पुरंदरकडचा असतो. आपल्या गावचा म्हणून कोणी विकताना मला तरी दिसलं नाही.

मी आधी जे बियाणं आणत होते ते ऑनलाइन मागवलेलं, चकचकीत पाकिटातलं. नाव घेत नाही. पाकिटावर वेलीचा सुंदर फोटो, आत मोजके दाणे, आणि पेरणीचा काळ 'सप्टेंबर-ऑक्टोबर' असा सरसकट छापलेला. ज्याने तो छापला त्याने सिमला डोळ्यांसमोर ठेवला होता की बेंगळुरू, देव जाणे, पण धुळ्याचा ऑक्टोबर नक्कीच नाही. आमच्याकडे पाऊस गेल्यावर ऊन पुन्हा असं चढतं की दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. त्या तापलेल्या ओल्या मातीत वाटाणा उगवतो, दोन-चार पानं धरतो, मग जमिनीलगत देठ काळा पडतो आणि रोप आडवं होतं. शेतकरी याला मर म्हणतात. लवकरच्या पेऱ्यावर खोडमाशीही जास्त येते. जी रोपं तग धरायची ती उंच वाढणाऱ्या, उशिरा येणाऱ्या जातीची असल्याने फुलावर यायची ती थेट फेब्रुवारीच्या मध्यावर, आणि तेव्हा आमच्याकडे ऊन पुन्हा तापायला लागलेलं असतं. तापमान तिशीच्या वर गेलं की वाटाण्याचं फूल गळतं. म्हणजे एका टोकाला ऑक्टोबरचं ऊन आणि दुसऱ्या टोकाला फेब्रुवारीचं. खान्देशात वाटाण्याला मिळते ती या दोघांच्या मधली जेमतेम तीन महिन्यांची थंडी. तेवढ्यात उगवून, फुलून, शेंगा भरून जो मोकळा होईल तोच वाटाणा इथे कामाचा. अर्केल नेमका तसा आहे, म्हणून हा सगळा लेखनप्रपंच.

अर्केल मूळचा फ्रान्सचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो आपल्याकडे आणून रुजवला आणि आज देशात लवकर येणाऱ्या वाटाण्यांत त्याचं नाव सगळ्यात आधी घेतात. पेरल्यापासून साधारण 60 ते 65 दिवसांत पहिली तोडणी मिळते. झाड जेमतेम दीड फुटाचं. याच्या जोडीने दुकानात बोनव्हिल नावाचं वाण हमखास दाखवतात. ते अमेरिकेतून आलेलं, गोडीला उत्तम, एका देठावर दोन-दोन शेंगा धरणारं, पण त्याला अर्केलपेक्षा तीनेक आठवडे जास्त लागतात. ज्यांच्याकडे थंडी लांबते, म्हणजे साक्रीच्या पश्चिमेला पिंपळनेरच्या बाजूला किंवा तोरणमाळच्या पठारावर, त्यांनी बोनव्हिल जरूर लावावा. धुळे शहरात, जळगावात, भुसावळला मी तो सुचवणार नाही.

आता पाकिटाबद्दल. मी बाजार समितीच्या बाजूच्या एका जुन्या कृषी सेवा केंद्रातून घेतलं. दुकानात बसणाऱ्या म्हाताऱ्या मालकांना सगळे जिभाऊ म्हणतात. कापसाच्या बियाण्याच्या आणि खताच्या गोण्यांमध्ये शंभर ग्रॅम वाटाणा मागणाऱ्या बाईला त्यांनी तेवढाच वेळ दिला जेवढा दहा एकरवाल्याला दिला असता. या एका गोष्टीसाठी दुकानाला वेगळे गुण द्यायला हवेत. शंभर ग्रॅममध्ये पाचशेच्या आसपास दाणे बसतात, घरच्या बागेला ते रग्गड होतात आणि किंमत त्या ऑनलाइन पाकिटाच्या मानाने काहीच नाही.

पाकीट घेताना त्याचं लेबल वाचा. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते, आणि 'सत्यप्रत' म्हणजे कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या बियाण्याला हिरवी. दोन्ही चालतात. उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत मात्र छापलेली हवी. वाटाण्यासाठी प्रमाणित बियाण्याची किमान उगवण 75 टक्के धरली आहे. चाचणीची तारीख मागच्या वर्षीची असेल तर पाकीट परत करा. वाटाण्याचं बी कांद्याइतकं लवकर मरत नसलं तरी आमच्याकडचा एक उन्हाळा पत्र्याच्या गोदामात काढलेलं बी आणि ताजं बी यांत फार फरक पडतो. दाण्यांना गुलाबी रंग लावलेला दिसेल. ते बुरशीनाशक आहे. लहान मुलं घरात असतील तर ते दाणे त्यांच्या हाती लागू देऊ नका आणि उरलेले शिजवायचा विचारसुद्धा करू नका.

पाकीट उघडल्यावर बी बघून मन खट्टू होतं. दाणे आक्रसलेले, सुरकुत्या पडलेले, कुणीतरी पोत्याच्या तळाचं झाडून दिलंय असं वाटायला लावणारे. मी विचारलं, तर जिभाऊ म्हणाले, "सुरकुतेल दाना दखीसन घाबरू नका ताई, तोच गोड ऱ्हास." ते शंभर टक्के खरं आहे. गोड वाटाण्यात साखरेची पिठूळ होण्याची क्रिया अर्धवट राहते, म्हणून दाण्यात साखर जास्त आणि पाणीही जास्त. वाळताना ते पाणी गेलं की दाण्याची कातडी ढिली पडते आणि सुरकुतते. ग्रेगोर मेंडेल यांनी 1866 साली छापलेल्या आनुवंशिकतेच्या प्रसिद्ध निबंधात गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा ही जी जोडी अभ्यासली, ती हीच. किराणा दुकानातला पांढरा वाटाणा, ज्याचा आपण रगडा आणि उसळ करतो, तो गोल गुळगुळीत असतो. तोही पेरला तर उगवतो, शेंगाही धरतो, पण त्याचा कोवळा दाणा सोलून तोंडात टाकला तर पिठूळ लागतो. शेजारपाजारी बऱ्याच जणी डब्यातले दाणे पेरून बघतात आणि मग 'घरच्या वाटाण्याला गोडी नसते' असं म्हणतात. त्यांना माझं सांगणं एवढंच, की पेरायचा दाणा सुरकुतलेलाच हवा.

पेरणीची वेळ हा या अनुभवाचा गाभा आहे, त्यामुळे इथे जरा थांबते. पाकिटावर काहीही छापलेलं असो, खान्देशात दसऱ्याला वाटाणा पेरू नये. दिवाळीचे फटाके संपून पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायला लागलं की पेरावा. कार्तिकी एकादशी ते तुळशीचं लग्न हा काळ बहुतेक वर्षी बरोबर बसतो, पण तिथी पुढे-मागे सरकते, तेव्हा इंग्रजी तारखेनेच सांगायचं तर 5 ते 20 नोव्हेंबर. वाटाण्याच्या बियाला उगवायला विसेक अंश तापमान मानवतं. तेव्हा आमच्याकडची दुपार अजून थोडी उबदार असते, पण रात्र गार झालेली असते आणि मातीतला उकाडा निघून गेलेला असतो. या बेताने पेरलेलं बी आठवड्याभरात एकसारखं वर आलं. मर जवळजवळ नाहीच. बियाणं वेळेवर पडलं की ते किती निमूटपणे आपलं काम करतं, हे बघण्यासारखं असतं.

आमची जमीन काळी, ओली झाली की पायाला गोळे धरणारी आणि वाळली की भेगा पडणारी. वाटाण्याला पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. म्हणून सपाट आळ्याऐवजी वीतभर उंचीचा गादीवाफा केला, त्यात कुजलेलं शेणखत आणि पांझरेची थोडी वाळू मिसळली. आदल्या दिवशी वाफा भिजवून ठेवला आणि वाफशावर पेरलं. मातीचा मुठीत लाडू वळतो पण बोटाने दाबल्यावर तो सुटतो, ती वेळ. बी बोटाच्या एका पेराइतकं खोल, दोन दाण्यांत तीन बोटांचं अंतर, दोन ओळींत फूटभर. पेरल्यावर लगेच पाणी द्यायचं नाही, हे जिभाऊंनी बजावून सांगितलं होतं. काळ्या मातीत पेरलेल्या बियावर पाणी ओतलं की वर पापुद्रा धरतो आणि कोंब त्याखाली वाकडे होऊन बसतात. उगवून येईपर्यंत खारी आणि चिमण्यांपासून जपावं लागतं. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वाफ्यावर पसरून कडेला विटा ठेवल्या, तेवढ्याने भागलं.

बियाण्यासोबत जिवाणू खताची पुडी घेतली, रायझोबियमची, आणि तिच्याबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण माझ्या मते वाण आणि वेळ यांच्यानंतर तिसरा मान तिचाच. बागेत हरभरा येतो म्हणजे मातीत जिवाणू आहेतच, मग वाटाण्याला वेगळे कशाला, असं मलाही दुकानात वाटलं होतं. पण हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू वेगळे आणि वाटाण्याचे वेगळे. हरभऱ्याचे वाटाण्याला चालत नाहीत. वाटाणा, मसूर आणि लाख (लाखोळी डाळ) या तिघांचं मात्र एकाच जिवाणूवर भागतं. खान्देशच्या मातीत हरभरा पिढ्यान्‌पिढ्या आहे, भुईमूग आहे, मूग-उडीद आहेत, पण वाटाणा-मसूर फारसा नाही. म्हणजे आपल्या परसात वाटाण्याचे जिवाणू पुरेसे असतीलच असं नाही. पुडी घेताना त्यावर 'वाटाणा' लिहिलंय ना, एवढं बघा. नुसतं 'कडधान्यांसाठी' लिहिलेली पुडी दाखवली तर पिकाचं नाव विचारून घ्या. साधारण 250 ग्रॅमची पुडी दहा किलो बियाण्याला पुरते, म्हणजे आपल्याला त्यातलं चमचाभरच लागतं. उरलेलं मी शेजारच्या शेतकरी कुटुंबाला मसुरासाठी दिलं.

लावायची रीत अशी : कोमट पाण्यात गुळाचा खडा विरघळवून ते पाणी पूर्ण गार करायचं, त्यात पुडीतली काळी भुकटी कालवायची, बी त्यात हलक्या हाताने घोळायचं आणि सावलीत गोणपाटावर पसरून सुकवायचं. उन्हात ठेवलं की जिवाणू मरतात. सुकलं की त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर जिवाणूंचा जोर थोडा कमी पडतो, म्हणून भुकटी जरा सढळ हाताने घेतली.

तिचा गुण मला डोळ्यांनी दिसला. फुलं यायच्या सुमारास वाफ्याच्या कडेचं एक रोप मी मुद्दाम खुरप्याने खोल उकरून काढलं, बादलीतल्या पाण्यात अलगद हलवून मुळं धुतली. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कुठे त्याहून बारीक गाठी होत्या, मुख्य मुळाजवळ गर्दी करून बसलेल्या. एक गाठ नखाने चिरली तर आतून गुलाबी, जवळजवळ लालसर निघाली. आपल्या रक्ताला लाल करतं त्याच जातीचं एक लोहयुक्त द्रव्य त्या गाठीत असतं, आणि तो रंग दिसला म्हणजे गाठ जिवंत आहे, हवेतलं नत्र ओढून झाडाला देते आहे. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती काम करत नाही असं समजावं. मी ती चिरलेली गाठ तळहातावर घेऊन आबांना दाखवायला ओसरीवर गेले. त्यांनी चष्मा चढवला, बराच वेळ निरखून पाहिलं आणि "हरभराले बी अशीच ऱ्हास" म्हणाले. त्यानंतर ते रोज सकाळी वाफ्यापाशी जाऊन उभे राहायला लागले. त्या वाफ्याला युरिया मी एकदाही दाखवला नाही. गाठी चांगल्या असताना युरिया दिला की झाड गाठी धरायचा आळस करतं आणि पाला माजतो.

अर्केलला मांडव लागत नाही, ही त्याची आणखी एक मोठी सोय. पण अजिबात आधार नको असं जे काही ठिकाणी सांगतात ते मला पटलं नाही. शेंगा भरल्या की झाड त्यांच्या वजनाने मातीवर लोळतं, आणि मातीला टेकलेली शेंग सडते किंवा उंदीर कुरतडतात. मी गेल्या साली जळणासाठी ठेवलेल्या तुराट्या ओळींमध्ये खोचल्या. वाटाण्याचे ताणे फार नाजूक असतात. जाड बांबूला त्यांना मिठी घालता येत नाही, पण तुराटीच्या बारीक फांदीला ते स्प्रिंगसारखे वेटोळे घालून घट्ट धरतात. सकाळी मोकळा हवेत चाचपडणारा ताणा संध्याकाळी काडीला गुंडाळलेला असतो. आपल्याकडे तुराट्या फुकट मिळतात, तेव्हा दुकानातून प्लास्टिकची जाळी आणायचं काहीच कारण नाही. कपाशीच्या पऱ्हाट्याही चालतील, पण त्यांवर वाळकी बोंडं लटकलेली असतील तर आधी काढून जाळा. बोंडअळी त्यातच दडून असते.

पाणी हिवाळ्यात आमच्या जमिनीला आठवड्यातून एकदा पुरलं. फुलं लागताना आणि शेंग भरताना मात्र ओल तुटू द्यायची नाही. त्या दोन वेळी पाणी चुकलं तर शेंग दिसायला मोठी पण आत दाणे तीनच, असं होतं.

आता कापलेल्या अर्ध्या गुणाबद्दल. अर्केल भुरीला फार लवकर बळी पडतो. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारठा ही आमची जानेवारीची हवा भुरीला पोषकच. आधी खालच्या पानांवर पिठाची बोटं उमटल्यासारखे ठिपके दिसतात, मग ते पसरत शेंगेवर चढतात. पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात, ऊन उतरल्यावर, पानाच्या दोन्ही बाजूंना बसेल असं फवारलं. पहिला ठिपका दिसताक्षणी फवारलं तर भुरी आटोक्यात राहते, पाला पांढरा झाल्यावर काही उपयोग नाही. भुरीला दाद न देणारी नवी वाणंही कृषी संस्थांनी काढली आहेत. परंतु आमच्या दुकानात छोट्या पुडीत ती मिळत नाहीत, आणि घरच्या माणसाला पाच किलोची पिशवी घेऊन काय करायचं? बियाणे कंपन्यांनी याचा खरोखर विचार करावा. परसबाग करणाऱ्या बायका गावोगाव आहेत, त्यांना पन्नास-शंभर ग्रॅमच्या पुड्या हव्या असतात. माव्यासाठी निंबोळी अर्क पुरला. पानांत पांढऱ्या नागमोडी रेघा काढणारी नागअळी आली, पण पानं खुडून टाकली तेवढ्यावर थांबली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेल्या वाफ्याने पहिल्या शेंगा दिल्या त्या नेमक्या भोगीला. शेंग गर्द हिरवी, बोटाएवढी लांब, टोकाला कोयत्यासारखा हलका बाक. एका शेंगेत सात-आठ दाणे, एकमेकांना दाबून चौकोनी झालेले. तोडताना एका हाताने वेल धरायचा आणि दुसऱ्याने शेंग खुडायची, नाहीतर उथळ मुळांचं ते झाड शेंगेसकट हातात येतं. गाजर, हरभरा, पावटा, बोरं, तीळ घालून भोगीची भाजी केली, सोबत बाजरीची तीळ लावलेली भाकरी. आबांनी भाजीतले वाटाणे वेचून आधी खाल्ले. ते काही बोलले नाहीत, फक्त वाटी पुन्हा पुढे केली.

चवीबद्दल बोलायचं तर हा फरक सांगून समजत नाही, खाऊनच बघावा. शेंग झाडावरून तोडली की त्याच क्षणापासून दाण्यातली साखर पिठात बदलायला लागते, आणि उष्णतेत हे फार झपाट्याने होतं. जबलपूरहून गोणीत बसून आलेला वाटाणा धुळ्यात पोचेपर्यंत त्यातली बरीच गोडी संपलेली असते, मग वाण कितीही चांगलं असो. घरचा वाटाणा तोडून तासाभरात कढईत पडतो. मुगाच्या खिचडीत टाकला तर खिचडी गोडसर होते. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात तो टाकायचा असेल तर शेवटी, आच बंद करायच्या जरा आधी टाका. मसाल्यात रटरटवला तर त्याची स्वतःची चव हरवते. शाळेतून येणारी आमची नात तर वाफ्यापाशीच बसून सोलायची, घरात येणाऱ्या टोपलीत टरफलंच जास्त.

शेंग कधी तोडायची यावर लक्ष ठेवा. हात लावल्यावर दाणे भरलेले लागतात पण शेंगेची पाठ अजून गुळगुळीत, चमकदार आहे, ती वेळ खरी. चमक जाऊन सालीवर बारीक जाळी उमटली की दाणा पिठूळ झाला समजा. ती शेंग झाडावरच वाळू द्या, बियाण्याला कामी येईल.

या वाणाकडून एक अपेक्षा ठेवू नका. महिनोन्‌महिने शेंगा देत राहणारं हे झाड नाही. दोन-तीन तोडे देतं, तेही दोन-अडीच आठवड्यांत, आणि मग पिवळं पडतं. म्हणून सगळं बी एकदम पेरू नका. मी निम्मं पहिल्या वाफ्यात आणि निम्मं नोव्हेंबरच्या शेवटी दुसऱ्या वाफ्यात टाकलं, त्यामुळे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरचा वाटाणा मिळत राहिला. दुसऱ्या वाफ्याला भुरी जास्त आली आणि शेंगेत दाणेही एक-दोनाने कमी भरले. डिसेंबरचा पहिला आठवडा उलटल्यावर आमच्याकडे वाटाणा पेरण्यात अर्थ नाही, त्या जागेत कोथिंबीर टाकावी. पीक संपल्यावर झाडं उपटायची नाहीत, जमिनीलगत कापायची. गाठींसकट मुळं मातीत राहू द्यायची. माझ्या त्या वाफ्यात आता भेंडी आणि गवार आहे आणि गवारीचा पाला काळाभोर दिसतो. पुढच्या साली वाटाणा मात्र दुसऱ्या वाफ्यात जाईल, कारण मर रोगाची बुरशी मातीत दबा धरून राहते.

अर्केल संकरित नाही, सरळ वाण आहे, आणि वाटाण्याचं फूल उमलायच्या आधीच स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे घरी धरलेलं बी पुढच्या वर्षी तसंच निघतं, दरवर्षी पाकीट आणावं लागत नाही. भुरी न आलेल्या दणकट झाडांच्या खालच्या शेंगा राखून ठेवल्या, झाडावर कडकडीत वाळल्यावर सोलल्या आणि दोन दिवस सावलीत पसरून काचेच्या बरणीत कडुनिंबाच्या वाळक्या पानांत भरल्या. बरणी घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माठाच्या मागे पण ओल लागणार नाही अशी ठेवली आहे. वाटाण्याला भुंगे लागतात, त्यामुळे महिन्यातून एकदा ती उघडून बघते. दाण्याला गोल भोक दिसलं की तो दाणा बाहेर.

ज्यांना गच्चीत कुंड्यांतच बाग करायची आहे त्यांनाही हे वाण चालेल. कुंडी फूटभर खोल हवी आणि दुपारच्या पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा हवा. तापलेल्या स्लॅबवर थेट ठेवलेल्या कुंडीत वाटाणा लावू नका, खाली विटा घाला. आणि घरामागे ज्यांच्याकडे फक्त कडुनिंबाच्या दाट सावलीची जागा आहे त्यांनी अर्केल घेऊ नये. त्याला दिवसातून सहा तास तरी ऊन लागतंच, सावलीत पाला वाढतो आणि शेंगा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या येतात.